पेंढ्यात भाजी लावताय? आधी जिवाणूंची पंगत उठू द्या

दिवाळी जवळ आली की बातम्यांत पंजाब-हरियाणातली शेतं पेटलेली दिसतात. भाताची कापणी झालेली असते, गव्हाच्या पेरणीला मोजके दिवस उरलेले असतात, आणि मागे राहिलेला पेंढा उचलण्यापेक्षा काडी लावणं सोपं पडतं. त्याच सुमारास मोबाइलवर एक वेगळा व्हिडिओ फिरायला लागतो. परदेशातलं कुणाचं तरी अंगण, पेंढ्याचे चौकोनी गठ्ठे ओळीनं मांडलेले आणि त्यांच्या डोक्यावर टोमॅटो लगडलेले. माती कुठेच नाही. भांडुपच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो आला तेव्हा खाली प्रश्नांची रांग लागली. पेंढ्यात कसली आलीय ताकद? मुळं कुजणार नाहीत का? गच्ची गळायला लागली तर जबाबदार कोण?

प्रश्न रास्त आहेत. माझं माहेर कर्जतकडचं, भातशेतीचं, त्यामुळे पेंढ्याशी ओळख जुनी. तरी पहिल्या वर्षी मी लावलेली सहाच्या सहा रोपं चार दिवसांत माना टाकून मेली. त्यानंतरचे दोन हिवाळे मात्र गच्चीवरच्या गठ्ठ्यांनी घरात टोमॅटो, वांगी आणि मिरच्या पुरवल्या. आधी काय चुकलं आणि नंतर काय जमलं, यातच या पद्धतीचं सगळं शास्त्र आहे.

उकिरड्यावरचा भोपळा

गावाकडे उकिरड्यावर आपसूक उगवलेला भोपळ्याचा वेल ज्यानं पाहिला असेल, त्याला अर्धी गोष्ट आधीच ठाऊक आहे. कुणी बी लावलेलं नसतं, कुणी पाणी घातलेलं नसतं, पण परसातल्या कुठल्याही वेलापेक्षा तो जास्त माजतो. कारण खाली शेण, पाचोळा, राख, पेंढा हळूहळू कुजत असतं आणि त्यातून सुटलेलं अन्न मुळांना आयतं मिळत असतं.

झाडाला माती म्हणून माती लागत नाही. त्याला चार गोष्टी लागतात: मुळांना धरायला आधार, पाणी, हवा आणि पाण्यात विरघळलेलं अन्न. माती या चारही गोष्टी पुरवते म्हणून आपल्याला तीच अपरिहार्य वाटते. घट्ट बांधलेला पेंढ्याचा गठ्ठा यातल्या तीन पुरवतो. आधार आहे, भिजला की पाणी धरतो, आणि काड्या पोकळ असल्यामुळे आत हवा खेळती राहते. चौथी गोष्ट, म्हणजे अन्न, त्यात फार थोडं असतं. ते तयार करावं लागतं. व्हिडिओत हा भाग दहा सेकंदांत उरकतात आणि आपली फसगत तिथेच होते.

कल्पना तशी नवी नाही. ब्रिटनमधले काकडी आणि टोमॅटो पिकवणारे काचगृहवाले १९६० च्या दशकात पेंढ्याच्या गठ्ठ्यांवर पिकं घेत होते. वर्षानुवर्षं एकच पीक घेऊन त्यांच्या मातीत रोग मुरले होते, म्हणून त्यांनी मातीच टाळली. घरगुती बागेत ही पद्धत लोकप्रिय केली ती अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या जोएल कार्स्टन यांनी. लहानपणी शेतावर फुटून पडलेल्या गठ्ठ्यांत तण जोमानं वाढताना त्यांनी पाहिलं होतं. तोच उकिरड्यावरचा भोपळा, फक्त तिकडचा.

आपल्याकडेही मातीचा हट्ट सोडलेले लोक आहेत. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर गणिताचे अभ्यासक. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’नं पालापाचोळा कुजवून कसदार माती घरच्या घरी बनवता येते हे कितीतरी गच्च्यांवर पोचवलं. गठ्ठ्याची शेती त्या वाटेनंच जाते, फक्त इथे माती होण्याची वाट न पाहता ती होत असतानाच रोप लावायचं.

पेंढा, गवत आणि पेंड: तीन वेगळ्या गोष्टी

भात झोडून दाणे काढले की उरते ती काडी, म्हणजे पेंढा. त्यात बी जवळपास नसतं. गवत कापून वाळवलेलं असतं ते वेगळं, त्याला बी धरलेलं असतं, आणि त्याचा गठ्ठा भिजवला की आठवड्यात वर गवताची हिरवळ उगवते. तबेल्याला लागणाऱ्या मालात दोन्ही असतात, तेव्हा विचारून घ्या. पेंढ्यातही चुकार दाणे असतातच. माझ्या गठ्ठ्यावर दरवर्षी भाताची इवली रोपं डोकावतात. ती उपटून तिथेच टाकावीत.

आणि पेंड म्हणजे शेंगदाण्याचं किंवा निंबोळीचं तेल काढल्यावर उरलेला चोथा. नावं इतकी जवळची की नर्सरीत घोळ होतो. दोन्ही लागणार आहेत, पण कामं वेगळी.

पहिली पंगत कोणाची?

लग्नघरात पहिली पंगत बसते, ती उठल्यावर दुसरी. गठ्ठ्यातही तसंच. पहिल्या पंगतीला बसतात जिवाणू आणि बुरशा. त्यांचं जेवण म्हणजे पेंढा. ते जेवून उठले की मागे जे उरतं त्यावर रोपांची पंगत बसते. घाई करून दोघांना एकत्र बसवलं तर रोपं उपाशी राहतात, कारण वाढप्यापर्यंत आधी पोचतात ते जिवाणू.

उपाशी कशी? इथे दोनच शब्द लक्षात ठेवायचे. कर्ब म्हणजे कार्बन, आणि नत्र म्हणजे नायट्रोजन. कर्ब हा जिवाणूंचा भात, नत्र ही त्यांची डाळ. नुसत्या भातावर शरीर उभं राहत नाही. साधारण ३० भाग कर्बाला एक भाग नत्र मिळालं की जिवाणू झपाट्यानं वाढतात आणि पेंढा फोडतात. पेंढ्यात मात्र भातच भात आहे, डाळ नावाला.

हिशोब मांडून पाहू. १५ किलोचा कोरडा गठ्ठा घ्या. त्यात सुमारे ४० टक्के कर्ब, म्हणजे ६ किलो. नत्र अर्धा ते पाऊण टक्का, आपण ०.६ धरू, म्हणजे ९० ग्रॅम. ६,००० ला ९० नं भागलं की ६७ येतात. हवं होतं ३० ला एक, आहे ६७ ला एक. ६ किलो कर्बाला २०० ग्रॅम नत्र लागेल, आणि हातात आहे ९०. कमी पडतं ११० ग्रॅम.

ही तूट बाहेरून भरली नाही तर जिवाणू थांबत नाहीत. ते मिळेल तिथून नत्र ओढतात, आणि तुम्ही रोपासोबत जे काही खत घातलं असेल तेही गिळतात. रोपाची खालची पानं पिवळी पडतात, वाढ खुंटते. शेतकरी हे पिढ्यान्‌पिढ्या ओळखून आहेत. कच्चं शेणखत शेतात घातलं की पीक पिवळं पडतं ते याचमुळे.

तूट भरायची कशी? युरियात ४६ टक्के नत्र असतं. ११० ग्रॅम नत्रासाठी सुमारे २४० ग्रॅम युरिया लागतो. शेंगदाण्याच्या पेंडीत नत्र साधारण ७ टक्के, म्हणून ती दीड किलोच्या वर लागते. एकदम घालायचं नाही. पहिल्या पंगतीला वाढप हळूहळू करायचं, नाहीतर अमोनियाचा वास सुटतो आणि महागामोलाचं नत्र हवेत उडून जातं.

गठ्ठा तापतो तेव्हा

आंब्याच्या अढीत हात घातलाय कधी? आत ऊब लागते. ती ऊब पिकणाऱ्या फळांच्या श्वासाची असते आणि पेंढा तिला बाहेर जाऊ देत नाही. पेंढा हे उत्तम पांघरूण आहे. गठ्ठ्यात फळांऐवजी कोट्यवधी जिवाणू श्वास घेत असतात. तेवढ्यानं आतलं तापमान ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढतं.

माझी पहिली सहा रोपं याच उष्णतेनं गेली. मी पाणी घातलं, खत घातलं, आणि पाचव्या दिवशी उत्साहानं टोमॅटो लावून मोकळी झाले. वरून गठ्ठा गार होता. रोप उपटून पाहिलं तेव्हा मुळं उकडून तपकिरी झाली होती.

तेव्हापासून मी लोखंडी सळई वापरते. गठ्ठ्याच्या पोटात वीतभर खुपसायची, दहा मिनिटं ठेवायची, काढून मनगटाला लावायची. चटका बसला तर थांबायचं. कोमट, अंगाच्या उबेइतकी लागली की रोपांची पंगत मांडायला हरकत नाही.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: गंजी आपोआप पेटते म्हणतात, मग गच्चीवर हा गठ्ठा पेटला तर? अर्धवट ओल्या चाऱ्याची मोठी गंजी आतून तापून पेटू शकते, हे खरं. पण तिथे ढीग प्रचंड असतो, उष्णता बाहेर पडायला वाट नसते, आणि आतला भाग तापता तापता सुकत जातो. एकटा गठ्ठा चहूबाजूंनी उघडा असतो, आणि आपण त्यावर रोज पाणी ओततो. तो तापेल, वाफाळेल, पेटणार नाही. धोका आहे तो कोरड्या गठ्ठ्याला. आणून ठेवलेला कोरडा पेंढा जिन्यात किंवा मीटरच्या खोलीजवळ अजिबात ठेवू नका, आणि दिवाळीचे फटाके संपेपर्यंत गच्चीवर चढवू नका.

बारा दिवसांचं वाढप

गठ्ठा ठेवताना सुतळ्या बाजूला आणि काड्यांची कापलेली टोकं वर येतील असा ठेवायचा. पोकळ काड्या उभ्या राहिल्या की पाणी आत उतरतं, आडव्या राहिल्या की वरून वाहून जातं. एकदा ओला झाला की तो उचलत नाही, म्हणून जागा आधीच ठरवा. टोमॅटो-वांग्याला दिवसाचे पाच-सहा तास थेट ऊन हवं.

पहिले तीन दिवस फक्त पाणी. काडीवर मेणचट थर असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी घातलेलं बहुतेक पाणी खालून निघून जातं. निराश होऊ नका, थोडं थोडं करून दिवसातून तीन-चारदा घाला. तिसऱ्या दिवशी गठ्ठा जड झालेला कळतो. चौथा, पाचवा, सहावा दिवस रोज ५० ग्रॅम युरिया वर पसरून पाण्यानं आत उतरवायचा. सातवा ते नववा रोज ३० ग्रॅम. झाले २४०. दहाव्या दिवशी दोन मुठी हाडांचा चुरा, कारण मुळं धरायला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस लागतं. पालाश, म्हणजे पोटॅशियम, पेंढ्यातच बऱ्यापैकी असतं. मग दोन दिवस नुसतं पाणी आणि सळईची परीक्षा.

पेंडीनं करणार असाल तर बारा दिवस पुरत नाहीत, तीन आठवडे धरा. पेंड आदल्या रात्री भिजवून पातळ करून घालायची. कोरडी पसरली तर मुंग्या आणि उंदीर हजर होतात.

लावताना खुरप्यानं मूठभर खळगा करायचा, त्यात दोन मुठी गांडूळखत आणि रोप. एका गठ्ठ्यात दोन टोमॅटो किंवा तीन मिरच्या पुरे. लोभानं मी पाच लावून पाहिले आहेत, पाचही रोपटी रोडकीच राहिली.

मुंबईचं पंचांग वेगळं

व्हिडिओतले लोक बर्फ वितळला की, मार्च-एप्रिलमध्ये सुरुवात करतात. ते पाहून आपण मार्चमध्ये गठ्ठा आणला तर रोप मोठं होईतो मे महिना येतो, गच्चीची फरशी भाजून निघते, आणि फळ धरायच्या वेळी पाऊस. मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या धारेखाली घातलेलं नत्र दोन दिवसांत धुऊन जातं आणि गठ्ठ्याचा चिखल होतो.

आपलं पंचांग भाताकडून घ्यायचं. कर्जत, मुरबाड, शहापूर, वाडा या पट्ट्यात आधी हळवा भात कापतात, मग निमगरवा, शेवटी गरवा. दसऱ्यापासून कापणी, मग झोडणी, आणि दिवाळीनंतर नवा पेंढा हाताशी येतो. हातानं झोडलेल्या भाताचा पेंढा लांब राहतो आणि तो छान बांधला जातो. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात गठ्ठा भिजवायला घ्या, तोवर ट्रेमध्ये रोपं वाढवून ठेवा, डिसेंबर उजाडताना लावा. फेब्रुवारी-मार्च तोडणीचे.

भाताच्या पेंढ्याचा आणखी एक गुण आपल्या कामी येतो. त्यात सिलिका भरपूर असते, म्हणजे वाळूतलं तेच द्रव्य. भाताच्या पातीनं हात कापतो ना, ते त्याचमुळे. सिलिकेमुळे काडी लवकर मऊ होत नाही आणि आपल्या दमट हवेतही गठ्ठा हंगामभर तग धरतो.

आणायचा कुठून?

यंत्रानं बांधलेले चौकोनी गठ्ठे मुंबईत दुकानात मिळत नाहीत. गोरेगाव-जोगेश्वरीकडच्या तबेल्यांना रोज चारा लागतो, तिथे ओळख काढून विचारता येतं. गावाकडून भाजीचा टेम्पो येत असेल तर त्यावर दोन भारे टाकून आणता येतात. मी तेच करते.

गठ्ठाच हवा असंही नाही. बाजारात टोमॅटो येतात त्या जाळीदार प्लास्टिकच्या क्रेटमध्ये पेंढा उभा भरायचा आणि वर चढून पायानं दाबायचा. पुन्हा भरायचा, पुन्हा दाबायचा. बोट आत घालायला जोर लागला पाहिजे. सैल भरला तर काड्यांमधून पाणी चढत नाही आणि मुळं अधांतरी राहतात. ज्यांच्याकडे गच्ची नाही, फक्त उन्हाची गॅलरी आहे, त्यांना क्रेटच सोयीचा.

गच्चीला झेपेल का?

आमच्या सेक्रेटरींनी हाच प्रश्न विचारला आणि बरं झालं विचारला. सुमारे ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच गठ्ठा कोरडा १५ किलो असतो, भिजल्यावर ५०-६० किलो. तेवढ्याच आकाराच्या वाफ्यात ओली माती भरली तर ती ३०० किलोच्या आसपास जाईल. म्हणजे मातीच्या पाचव्या हिश्श्यानं ओझं.

पण म्हणून बिनधास्त होऊ नका. गठ्ठ्याखालची जागा ०.४ चौरस मीटर. ६० किलोला ०.४ नं भागलं तर चौरस मीटरला १५० किलो येतात. ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकानुसार साधारण तेवढाच चल भार धरतात, आणि त्यात माणसं, टाक्या, लग्नाचा मांडव सगळं आलं. म्हणून गठ्ठे एकमेकांना चिकटवून भिंतीसारखे रचायचे नाहीत. मध्ये माणूस बसू शकेल एवढी जागा सोडायची, आणि कठड्याकडे, खालच्या तुळया-खांबांच्या रेषेवर ठेवायचे. इमारत ३० वर्षांवरची असेल तर मुंबईत संरचनात्मक तपासणी करून घ्यावीच लागते. त्याच अभियंत्याला हा प्रश्न विचारावा. स्लॅबच्या सळ्या दिसत असतील तर गठ्ठा, कुंडी, काहीच नको.

गळतीचं म्हणाल तर गठ्ठा स्लॅबवर थेट ठेवणं चूक. खाली विटांवर लाकडी पाट किंवा प्लास्टिकचं पॅलेट, म्हणजे फरशी कोरडी राहते आणि झाडू जातो. ठिबकणारं पाणी तपकिरी असतं, चहासारखं. फरशीवर डाग पाडतं. ते ट्रेमध्ये धरून पुन्हा गठ्ठ्यावरच ओतावं. त्यात नत्र आहे.

डास, उंदीर आणि छत्र्या

तो ट्रे मात्र रोज रिकामा झालाच पाहिजे. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. महापालिकेचा कीटकनाशक विभाग गच्च्या तपासतो तो उगाच नाही. भिजलेल्या गठ्ठ्यात डास होत नाहीत, तिथे पाणी साठून उघडं राहत नाही. डास होतात ते ट्रेमध्ये, बादलीत, फुटक्या कुंडीत.

उंदराला कोरडा, दाणे राहिलेला पेंढा प्रिय. ओला, तापलेला गठ्ठा त्याला नको असतो. पण गठ्ठ्याखालची अडगळ हवी असते, म्हणून पाटाखाली सामान कोंबू नये.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गठ्ठ्यावर छत्र्या उगवतात. पाहून घाबरू नका; पहिली पंगत नीट जेवते आहे याची ती खूण. पण खाऊही नका. धिंगरी अळंबी पेंढ्यावरच वाढवतात हे खरं, पण तिथे बियाणं ओळखीचं असतं. आपोआप आलेली छत्री कोणती हे घरी ओळखता येत नाही, आणि चूक जिवावर बेतते. लहान मुलं आणि मांजरं असतील तर रोज सकाळी खुडून टाका.

एक इशारा मात्र मनापासून. बुरसटलेला कोरडा पेंढा झटकताना जी धूळ उडते ती छातीला फार वाईट. दम्याच्या माणसानं ते काम करूच नये. बाकीच्यांनी तोंडाला मास्क लावून, पेंढ्यावर आधी पाणी शिंपडून मगच हात घालावा.

काय लावावं, काय लावू नये

टोमॅटो, वांगी, मिरची, काकडी, दुधी, कारली ही गठ्ठ्याची लाडकी मंडळी. वेल कठड्यावर चढवता येतात. मेथी, माठ, पालक, कोथिंबीर यांचं बी बारीक, ते काड्यांच्या फटीत हरवतं. वर दोन बोटं गांडूळखताचा थर दिला तर येतात. मुळा-गाजर टाळा, ते वाकडेतिकडे होतात. भेंडी उंच वाढते आणि गठ्ठा बसायला लागला की कलते, तिला काठीचा आधार आधीच द्या.

वांग्याबद्दल थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं. कोकणच्या दमट, आम्लधर्मी मातीत वांग्या-टोमॅटोला जिवाणूजन्य मर रोग होतो. सकाळी टवटवीत असलेलं झाड दोन-तीन दिवसांत हिरवंच्या हिरवं मान टाकतं आणि त्यावर औषध नाही. कुंडीत आपण जी माती भरतो ती बहुधा अशाच कुठल्यातरी शेतातून आलेली असते. माझ्या जुन्या कुंड्यांत वांगं सलग दोन वर्षं मेलं. गठ्ठ्यात माती नाही, मातीतला तो रोगही नाही. पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी मात्र हवेतून येतात, त्यांना गठ्ठा की कुंडी याचं सोयरसुतक नाही. त्यासाठी निंबोळी अर्काची फवारणी आहेच.

पाणी चुकवून चालत नाही. मातीसारखा साठा गठ्ठ्यात नसतो. जानेवारीत दिवसातून एकदा, मार्चमध्ये दोनदा. एक दिवस कोरडा, दुसऱ्या दिवशी चिंब असं झालं की टोमॅटोचं बूड काळं पडतं. पाणी अनियमित झालं की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी साठवून वापरा.

“युरिया घालायचा, मग विषमुक्त कसलं?”

माझ्या नणंदेनं हे मला सुनावलं. युरिया विष नाही, पण ती म्हणते त्यात तथ्य आहे: ज्यांना रासायनिक खत नकोच, त्यांच्यासाठी पेंडीचा रस्ता खुला आहे, थोडा लांबचा. तबेल्यातून शेण आणि गोमूत्र मिळत असेल तर जीवामृत करून घालता येतं, पण त्यात नत्राचं प्रमाण कमी असतं. ११० ग्रॅमची तूट एकट्या जीवामृतानं भरून निघत नाही. सोबत पेंड लागेलच. मी स्वतः पहिल्या पंगतीला युरिया आणि रोपं लागल्यावर पंधरा दिवसांनी पेंडीचं पाणी असं करते.

खरी काळजी तणनाशकाची करावी. भात-गव्हावर फवारलेलं काही तणनाशक काडीत राहिलं तर टोमॅटोची पानं आक्रसून गुंडाळतात. त्याची घरगुती परीक्षा आहे. भिजवलेला थोडा पेंढा एका डब्यात भरून त्यात चवळीचे दहा दाणे पेरा, शेजारी दुसऱ्या डब्यात साध्या मातीत दहा. दोन आठवड्यांत पेंढ्यातल्या चवळीची पानं वेडीवाकडी झाली तर तो पेंढा वापरू नका.

गुरांच्या तोंडचा घास?

हा आक्षेप माझ्या वडिलांचा, आणि मला सर्वांत जड गेलेला. “अगं, बैलाच्या वैरणीवर तू टोमॅटो लावतेस?” उन्हाळाभर, पावसाळ्यात हिरवा चारा येईपर्यंत, कोकणातल्या गुरांना हाच पेंढा असतो. त्याची उडवी नीट रचणं हे घरातल्या जाणत्या माणसाचं काम. शहरातल्या गच्च्यांनी चांगला पेंढा उचलायला सुरुवात केली तर गावात तो महाग होईल, हे त्यांचं म्हणणं मला पटलं.

त्यावर आम्ही दोघांनी तोड काढली. अवकाळी पाऊस हल्ली कापणीच्या तोंडावर येतोच. खळ्यावर भिजलेला, काळपट पडलेला पेंढा गुरं खात नाहीत, आणि खाल्ला तरी त्यांना बाधतो. गठ्ठ्याला तो चालतो, किंबहुना कुजायला आधीच सुरुवात झालेली असल्यामुळे लवकर तयार होतो. तेव्हापासून मी भिजकाच पेंढा मागवते. तबेल्यातही गोठ्याच्या कडेला पडलेला असा माल असतो.

पंजाबच्या धुरावर मात्र आपल्या गच्चीतून उत्तर निघणार नाही. तिथे पेंढा आहे लक्षावधी टनांत. दोन पिकांमधली मुदत अपुरी आहे, आणि तो उचलून नेण्याचा खर्च शेतकऱ्याला परवडत नाही. मुंबईतल्या हजार गच्च्यांनी गठ्ठे लावले तरी तिथे काही हलायचं नाही.

मे महिन्यात उरतं ते

हंगाम संपेतो गठ्ठा निम्म्यानं खचतो. सुतळी तुटते, कडा ढासळतात, आत हात घातला की ओलसर, काळी, भुसभुशीत गोष्ट हाताला लागते. पावसाच्या वासाची. वरच्या सोनेरी काड्या बाजूला काढून मी कुंड्यांवर पांघरते, उन्हाचा ताप कमी होतो. काळा भाग जुन्या कुंड्यांतल्या मातीत मिसळते, म्हणजे वांग्याला नको झालेल्या त्या मातीत, आणि रोहिणी नक्षत्र लागलं की त्यात अळू लावते. पाऊस पडला की त्याला माझी गरज नसते. गौरी-गणपतीत ऋषीच्या भाजीला पानं घरचीच निघतात, आणि तोवर वडिलांचा फोन येतो की हळवा भात पोटरीवर आलाय, यंदा किती भारे ठेवू?